बर्गरचें सोंवळें

गेल्या उन्हाळ्यांत मी दीड महिना न्यू जर्सींत माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं राहिलों होतों. तेथें एका रविवारीं घडलेला प्रसंग तसा क्षुल्लक आहे; परंतु त्यांतून जें मत बाहेर पडलें तें क्षुल्लक नाहीं, आणि तें एकट्यादुकट्याचें आहे असेंहि नाहीं. बहिणीनें त्या दिवशीं घरीं बर्गर केले होते. मेंढीच्या मांसाचा ताजा खिमा, त्यावर शेळीच्या दुधाचें मऊ चीज, आणि चीजवर लोण्यांत परतलेले जर्दाळू. जेवावयास माझ्या मेहुण्यांचे एक स्नेही होते. पंचवीस वर्षें अमेरिकेंत काढलेले, विद्येनें इंजिनीयर, स्वभावानें सज्जन. त्यांनीं वरचा पाव उचलून आंत डोकावून पाहिलें आणि हसत म्हटलें, "वहिनी, पदार्थ चांगला असेल, पण याला बर्गर म्हणूं नका. बर्गरवर कधीं फळें असतात का? हीं सारीं उंची हॉटेलांचीं थेरें!" आणि त्यांनीं टोमॅटो केचपची बाटली मागितली.

या बाटलीपासूनच आरंभ करूं. केचप म्हणजे काय? टोमॅटो, साखर, शिरका आणि मीठ. टोमॅटो हें वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें फळ आहे. १८९३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याला भाजी ठरविलें तें आयातीवरील जकातीपुरतें. शास्त्रदृष्ट्या तें फळच होय, हें त्या निकालपत्रांतहि मान्य केलेलें आहे. म्हणजे ज्या गृहस्थांस मांसावर फळ खपत नव्हतें, त्यांनीं फळाचाच गोड-आंबट पाक वरून ओतून घेतला! फरक एवढाच कीं, जर्दाळू माझ्या बहिणीनें स्वतःच्या तव्यावर परतले होते आणि केचप कारखान्यांतून आला होता. कारखान्याचें फळ सोंवळ्यांत बसतें, घरचें फळ मात्र विटाळ करतें, असा हा न्याय आहे.

शुद्ध बर्गर म्हणून ज्या वस्तूची ही मंडळी शपथ वाहतात, ती शुद्ध होती तरी केव्हां? कनेक्टिकट राज्यांतील न्यू हेवन येथें 'लुईज् लंच' नांवाचें एक जुनें उपाहारगृह आहे. १९०० सालीं आपणच पहिला हॅम्बर्गर विकला असा त्याचा दावा आहे. तसा दावा इतरहि करतात आणि त्या वादांत मला पडावयाचें नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तेथें अद्यापि मांस भाजलेल्या साध्या पावाच्या दोन कापांत देतात, चीज हवें तर मिळतें, पण केचप मागूनहि मिळत नाहीं. या कसोटीस लावल्यास आमच्या पाहुण्यांचा बर्गरहि भ्रष्टच ठरतो. गोल पाव, ठराविक जाडीची वडी आणि गांवोगांव एकच चव हें जें रूप त्यांच्या मनांत ठसलें आहे, तें विचिटा शहरांत १९२१ सालीं निघालेल्या 'व्हाइट कॅसल'नें आणि तिच्या मागून आलेल्या साखळी-दुकानांनीं घडविलें. त्यांना एकसारखेपणा हवा होता, कारण एकसारखेपणांत नफा होता. यांत लबाडी कांहींच नाहीं. पण व्यापाऱ्याच्या सोयीला परंपरेचें नांव देणें ही मात्र लबाडी आहे. शिवाय या दुकानांतलें सर्वांत बडें प्रस्थ जें मॅक्डोनल्ड, त्यानें १९९६ सालीं भारतांत पाऊल टाकतांना गोमांस वगळलें, आणि पुढें बटाट्याची टिक्की पावांत घालून तिलाहि बर्गर म्हटलें. तेव्हां कोणाचेंहि सोंवळें मोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां मांस आणि फळ यांच्या संगतीविषयीं. इंग्रज डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाची चटणी खातो. अमेरिकन माणूस थँक्सगिव्हिंगच्या दिवशीं टर्कीबरोबर क्रॅनबेरी खातो. इराणांत अक्रोड आणि डाळिंबाचा रस यांत कोंबडी शिजते. फार दूर कशाला? आमचें बालपण दादरला पारशी कॉलनीच्या शेजारीं गेलें. जर्दाळू घातलेल्या साली बोटीचा वास ज्यानें त्या जिन्यांवर घेतला आहे, त्याला बहिणीच्या ताटांत काय होतें तें सांगावें लागणार नाहीं. तिनें कोणत्याहि उंची हॉटेलाची नक्कल केली नव्हती; तिनें आपलें लहानपण पावांत घातलें होतें. मांसाच्या चरबीनें जीभ मंदावते, आंबट रसानें ती पुन्हां जागी होते. मधलें खारट चीज दोघांचा सलोखा घडवून आणतें. एवढें साधें हें शास्त्र आहे. दाबेलीवर डाळिंबाचे दाणे घालणाऱ्या गाडीवाल्याला तें ठाऊक असतें. (पुण्यांतील माझे एक वृद्ध आप्त दूध आणि आंबट फळें यांस विरुद्धाहार मानून चरकाचार्यांचा हवाला देतात. त्यांच्या वाटींतल्या शिकरणाकडे पाहून मी गप्प बसतों.)

मात्र फळ आणि चीज घातलें कीं पदार्थ आपोआप थोर झाला, असें मानणाऱ्यांचा मी वकील नाहीं. १९६२ च्या सुमारास, शुक्रवारीं मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक गिऱ्हाइकांसाठीं मॅक्डोनल्डच्या रे क्रॉकनें मांसाच्या जागीं अननसाची चकती आणि चीज घालून पाहिलें. सिनसिनाटीच्या लू ग्रोएन या त्याच्याच शाखाचालकानें माशाचा पाव पुढें केला. अननसाचा धुव्वा उडाला, मासा आजतागायत विकला जात आहे. फळ हें साथीचें वाद्य आहे. गवयी उठून गेल्यावर नुसता तंबोरा किती वेळ ऐकणार? तसेंच अज्ञानाचें. ताज्या अननसांत मांसाचीं प्रथिनें विरघळविणारें द्रव्य असतें. आपल्याकडे कबाबाला कच्ची पपई लावतात तीच ही करामत. असा अननस खिम्यांत कालवून तासभर ठेवला तर हातीं लगदा येतो. डब्यांतला अननस तापविलेला असल्यानें त्याचा हा गुण मेलेला असतो. म्हणून फळ खिम्यांत न कालवतां वर ठेवावें, आणि तत्पूर्वीं तव्यावर त्याचें पाणी आटवावें. जुनें, मुरलेलें चेडर फार तापलें कीं तेल सोडतें. जेम्स क्राफ्टनें १९१६ सालीं ज्या प्रक्रियेचें पेटंट घेतलें त्या जातीचें चीज मात्र निमूटपणें वितळतें. तें वापरणाऱ्या गृहिणीस मी नांवें ठेवणार नाहीं. कारखान्याशीं माझें वैर नाहीं.

वैर आहे तें त्या दुसऱ्या पक्षाशीं, आणि एवढ्यापुरता मी पाहुण्यांशीं सहमत आहें. दानिएल बुलू या फ्रेंच पाकशास्त्र्यानें २००१ सालीं न्यूयॉर्कमध्यें बर्गरच्या पोटांत मंद आंचेवर शिजविलेलें बरगडीचें मांस आणि फ्वा ग्रा भरला. त्याला तें शोभलें; त्याच्या हातांत विद्या होती. त्याच्या मागून आलेल्या पुष्कळांनीं विद्येऐवजीं किंमत तेवढी उचलली. 'उंची' या शब्दाचा या मंडळींनीं अक्षरशः अर्थ घेतला आणि वडीवर वडी, चीजवर चीज, त्यावर अंजीर रचून असा मनोरा उभा केला कीं तो तोंडांत मावेना. जो पदार्थ हातांत धरून खावयाचा, त्याला काडी टोचून उभा ठेवावा लागतो यांतच त्याचा पराभव आहे.

घरच्या स्वयंपाकघराला या दोघांचेंहि ओझें नाहीं. मांस डोळ्यांसमोर निवडतां येतें आणि त्याच दिवशीं घरीं बारीक करतां येतें. खिमा करतांना पृष्ठभागावरचे जंतु आंत मिसळतात, म्हणून ही गोष्ट केवळ चवीची नव्हे. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एका साखळी-उपाहारगृहाच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरांमुळें सातशेंहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलें दगावलीं. घरचा खिमा देखील मध्यभागीं ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापला पाहिजे, यांत सवलत नाहीं. मीठ खिम्यांत आधीं मळलें तर वडी रबरासारखी चिवट होते. तें तव्यावर टाकतांना वरून भुरभुरावें. हीं सारीं कामें सावकाशीचीं आहेत, आणि सावकाशी ही वस्तु कोणतेंहि साखळी-दुकान विकूं शकत नाहीं.

त्या रात्रीं पाहुणे आनंदानें घरीं गेले. त्यांचें बोलणें ते विसरलेहि असतील. माझा बारा वर्षांचा भाचा विसरला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आईला म्हणाला कीं, मित्रांना घरीं बोलावूं तेव्हां खरे बर्गर दुकानांतूनच आणूं. बहिणीनें पुढचे दोन रविवार बर्गर केले नाहींत. तिसऱ्या रविवारीं केले, पण जर्दाळूंची पुडी फडताळांतच राहिली आणि टेबलावर केचपची बाटली आली. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, "जाऊं दे रे दादा, उगाच कशाला?"