वही की मोबाईल?

आमची धाकटी लेक कविता मोबाईलवर लिहिते. आम्ही पाठकोऱ्या कागदांच्या वहीत. "पप्पा, किती ही खोडाखोड!" म्हणून हसते. गेल्या पावसाळ्यात मोबाईल भिजला आणि वर्षभराच्या कविता गेल्या. पोर दोन दिवस धड जेवली नाही. आम्ही तरी काय बोलणार? आमचीही एक वही वाळवीने खाल्लेली!

बाबासाहेब हाताने लिहीत, नानकचंद रत्तू त्याचे टंकलेखन करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची टंकलिखित प्रस्तावना त्यांनी तपासण्यासाठी जवळ ठेवून घेतली होती.

आता लेक पहिला खर्डा वहीत करते, मग मोबाईलवर उतरवून स्वतःलाच ईमेल करते. खोडाखोडीची वही मात्र आम्हाला दाखवत नाही.