अपघात ‘होतो’ म्हणणाऱ्यांना

७ नोव्हेंबर २०१६ रोजी बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात ‘मास्तीगुडी’ या कन्नड चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना अनिल आणि उदय हे दोन नट बुडून मेले. खलनायकांच्या भूमिकेतल्या या दोघांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घेतली होती. नायकानेही घेतली; त्याच्या अंगात लाइफ जॅकेट होते, तो वाचला. या दोघांच्या अंगात नव्हते. आपल्याला नीट पोहता येत नाही, हे त्यांनी उडीआधी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर सांगितले होते. मृतदेह हाती लागायला दोन-तीन दिवस गेले. निर्मात्यांवर, दिग्दर्शकावर, स्टंट-दिग्दर्शकावर गुन्हा दाखल झाला, आणि पुढच्या वर्षी चित्रपट प्रदर्शितही झाला.

याला आपण ‘अपघात’ म्हणतो. माझे भांडण आधी या शब्दाशी आहे.

मराठीत अपघात होतो, कुणी तो करत नाही. घात मात्र केला जातो, विश्वासघात केला जातो, घातपातामागचा हात शोधला जातो. ‘अप’ लागला की कर्ता वाक्यातून पसार! पण इथे हेलिकॉप्टर कोसळले नव्हते. उडी ठरलेली होती, कॅमेरे लावलेले होते, नट सांगितल्याप्रमाणे उडी मारून मोकळे झाले. ६० फुटांवरून पडणारे शरीर ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. त्यानंतर कपडे-बुटांसकट तरंगायचे असते. जॅकेट कोणाला द्यायचे, हे वाऱ्याने किंवा नशिबाने ठरवलेले नाही.

कन्नड वृत्तपत्रांनी ‘दुरंत’ हा शब्द वापरला. कन्नडमध्ये त्याचा अर्थ शोकांतिका. बंगालीत तोच शब्द अवखळ, न आवरणारा या अर्थाने येतो. रेल्वेच्या ‘दुरंतो’ गाडीचे नाव तिथले. पण अधिक बोलका शब्द आहे ‘साहस’. कन्नड श्रेयनामावलीत स्टंट-दिग्दर्शकाला ‘साहस निर्देशक’ म्हणतात. मराठीतही साहस म्हणजे धाडस, कौतुकाची गोष्ट. धर्मशास्त्रात मात्र ‘साहस’ हे अठरा व्यवहारपदांपैकी एक, म्हणजे खटल्याचा विषय होते: बळाच्या जोरावर केलेला गुन्हा. जुन्या न्यायशास्त्र्यांना साहसाबद्दल पहिला प्रश्न पडे तो ‘कोणी केले?’ हा. आपण टाळ्या वाजवायला शिकलो आणि तो प्रश्न विसरलो.

हे फक्त कन्नड सिनेमाचे दुखणे नाही. २३ जुलै १९८२ च्या रात्री कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटासाठी नदीच्या पात्रात व्हिएतनाम युद्धाचा प्रसंग चित्रित होत होता. स्फोटांनी डोक्यावरच्या हेलिकॉप्टरचा शेपटीकडचा पंखा निकामी झाला, ते खाली आले आणि नट विक मॉरो व त्याने काखेत धरलेली ६ आणि ७ वर्षांची दोन मुले जागीच मेली. मुलांना कामाचा परवाना नव्हता. नियम चुकवून त्यांना रात्री आणले होते. १९८७ साली दिग्दर्शकासह पाचही आरोपी निर्दोष सुटले. दोन्हीकडे घडले ते वेगवेगळे, पण उतरंड तीच: दृश्य ठरवणारा काठावर, दृश्यात उतरणारा पाण्यात.

यावर हमखास उत्तर येते: ‘त्यांनी स्वखुशीने उडी मारली.’ खलनायकाच्या दुय्यम भूमिकांवर पोट असलेला नट, चालू हेलिकॉप्टर, समोर वाहिन्यांचे कॅमेरे आणि शेजारी उडीला तयार नायक. या घटकेला ‘मी उडी मारणार नाही’ म्हणण्याची किंमत काय, हे ज्याने कधी कामासाठी दार ठोठावले आहे त्याला समजावे लागत नाही. संमती घेतली म्हणून जॅकेट देण्याची जबाबदारी संपत नाही.

दुसरे उत्तर आपल्या, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या गोटातले आहे: अस्सलपणा. ‘स्टंट खराखुरा आहे, डमी नाही’ हे आपण परीक्षणांत गुण म्हणून लिहितो. रंगभूमीवर मरणारा नट पडदा पडल्यावर उठतो. त्याच्या उठण्याने मरणाचे दृश्य खोटे ठरत नाही. भासातून सत्य उभे करणे हाच तर कलेचा धंदा. तो जमत नाही तिथे खऱ्या माणसाचे खरे भय पडद्यावर लावले जाते, आणि त्याला आपण वास्तववाद म्हणून मान देतो. हा मान काढून घेणे आपल्या हातात आहे. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

यापुढे एखाद्या परीक्षणात ‘कलावंतांनी जिवावर उदार होऊन’ असे वाचाल, तेव्हा संपादकाला एक ओळ जरूर लिहा: कोण उदार, आणि कोणाच्या जिवावर?