दोन मुठींचे यंत्र

गेल्या वर्षी आम्ही जर्मनीस जाण्यास निघालो, तेव्हा आमच्या धाकट्या बंधूंनी आमच्यावर एक कामगिरी सोपविली. त्यांचा थोरला मुलगा म्युनिकजवळच्या एका गावी नोकरीस आहे. त्याने तेथे एक जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. ती त्यास विकावयास लावावी, एवढेच आमचे काम. "दादा, चांगला पगार असताना वीस वर्षांचे भंगार घेतो म्हणजे काय? त्यात दोन्ही बाजूंस इंजिन बाहेर आलेले! कोठे आपटला तर पायांचे काय? तुमचे तो ऐकतो; तेवढे सांगून या." बंधूंचे म्हणणे आम्हांस पटले होते, हे आरंभीच कबूल करतो. आमच्या खानापूरकडच्या रस्त्यांवर मोटारसायकलींनी किती घरे उदास केली आहेत, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ती गाडी पाहिली. बीएमडब्ल्यू कंपनीची 'आर 1150 आर', 2002 साली बर्लिनच्या श्पांडाऊ कारखान्यातून बाहेर पडलेली. पुढे वारा अडविण्यास काचेचा पडदा नाही, प्लॅस्टिकचे आवरण नाही. एक वाटोळा दिवा, एक फुगीर टाकी आणि बंधूंनी वर्णिल्याप्रमाणे उजवीडावीकडे बाहेर आलेले दोन जाडजूड सिलिंडर. वजन सुमारे दोनशे चाळीस किलो. देखणी म्हणावी अशी ती नव्हती. बाजारच्या दिवशी डोक्यावर टोपली आणि दोन्ही काखांत दोन बोचकी घेऊन निघालेल्या बाईची आम्हांस आठवण झाली.

पुतण्याने बटण दाबले. इंजिन सुरू होताच सबंध गाडी एकदा अंग झटकल्यासारखी हलली. उभ्या जागी त्याने मूठ पिळली, तशी ती उजवीकडे किंचित कलली. "काका, हा बिघाड नव्हे," तो हसून म्हणाला. आतला दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेला असल्याने त्याचा वेग वाढला की गाडी उलट्या बाजूस झुकू पाहते. चालत्या गाडीत ते जाणवतही नाही. ह्या इंजिनास 'बॉक्सर' म्हणतात. त्यातील दोन दट्टे एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात. मुष्टियोद्धा आपल्या दोन मुठी एकमेकींवर आपटतो तसे. एकाचा धक्का दुसरा झेलतो, म्हणून थरथर कमी.

ह्या रचनेची जन्मकथा आम्हांस फार आवडली. पहिल्या महायुद्धात हा कारखाना विमानांची इंजिने करीत असे. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने त्यास बंदी झाली. पोटासाठी कारागिरांनी आगगाडीचे ब्रेक केले आणि दोन सिलिंडरांचे एक लहान इंजिनही केले. ते इंजिन गाडीत लांबीच्या दिशेने बसवीत. एक सिलिंडर पुढे, एक मागे. पुढच्यास वारा लागे, मागचा तापून जाई. विमानांच्या इंजिनांवर हात बसलेल्या माक्स फ्रिट्स ह्या अभियंत्याने ते नुसते आडवे फिरविले. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात आले. शिवाय दांड्याची दिशा बदलल्यामुळे चेनीऐवजी शाफ्टने मागचे चाक फिरविणे सोपे झाले. चेनीस तेल पाजावे लागते, ती सैल पडते, तुटते. शाफ्ट बिचारा आपल्या नळीत निमूट फिरत राहतो. 1923 साली निघालेल्या त्या पहिल्या 'आर 32' गाडीत साडेआठ अश्वशक्ती होती; आमच्या पुतण्याच्या गाडीत पंच्याऐंशी. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरास आज ही गाडी दाखविली, तर कोणता भाग काय करतो हे तो बोट ठेवून सांगेल.

कारखान्यालाच एकदा ह्या रचनेचा कंटाळा आला होता. 1983 साली त्याने पाण्याने थंड होणाऱ्या चार सिलिंडरांच्या गाड्या आणल्या, आणि बॉक्सर हळूहळू मोडीत काढावयाचे ठरले. गिऱ्हाइकांनी ऐकले नाही. शेवटी 1993 साली बॉक्सरच नव्याने घडवून आणावा लागला, आणि आमच्या पुतण्याची गाडी त्याच पिढीची. हट्ट धरण्यास कारणही होते. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी 1982 साली एक वापरलेली, 1974 सालची बॉक्सर घेऊन एकटीच जगप्रदक्षिणेस निघाली. हिंदुस्थानातूनही ती गेली आणि सुमारे पस्तीस हजार मैल करून 1984 साली घरी परतली. जी गाडी रस्त्याच्या कडेस बसून आपली आपणांस उघडता येते, तीच अशा प्रवासास उपयोगी.

हे उघडणे आम्ही डोळ्यांनी पाहिले. गाडीचे पहिले मालक शेजारच्याच घरात राहतात. वय ऐंशीच्या घरात, पत्नी निवर्तलेली, मुले दूर. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी गाडी विकण्यास काढली, पण अट घातली: दर दहा हजार किलोमीटरांचे टॅपेट घेणाऱ्याने स्वतःच्या हातांनी, त्यांच्या अंगणात, त्यांच्यासमोर सेट करावयाचे. शनिवारी सकाळी ते आजोबा खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसले. पान काही उलटत नव्हते. पुतण्याने इंजिनखाली परात ठेवली, सिलिंडरवरचे झाकण काढले, ठिबकलेले तेल पुसले. एरवी ह्या कामासाठी टाकी काढा, हे सोडवा, ते सोडवा. येथे सारे हाताशी बाहेरच. ज्या गोष्टीस बंधूंनी नावे ठेविली होती, तिचाच हा गुण! आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हास 0.15 मिलिमीटर फट, जळका वायू बाहेर टाकणाऱ्यास 0.30; कारण दुसरा अधिक तापतो व अधिक वाढतो. पातळ पट्टी फटीत घालून पुतण्या ती मागेपुढे ओढी. एकदा आजोबांनी वर्तमानपत्राआडूनच 'नाही' म्हटले. त्याने पुन्हा मोजले. फट खरोखरच सैल निघाली. कानांनी की डोळ्यांनी, कशाने त्यांस कळले, देव जाणे.

दुपारी पुतण्या आम्हांस म्हणाला, "काका, पहिल्या हिवाळ्यात ह्या गावात माझ्याशी 'ग्रूस गॉट'पलीकडे कोणी बोलत नव्हते." हा बव्हेरियातील लोकांचा रामराम, त्यात देवाचे नाव असते. "मी रात्री खोलीवर येऊन घरी फोन लावी आणि सर्व ठीक आहे म्हणून सांगे. सर्व ठीक नव्हते. ही गाडी घेतल्यावर ह्या आजोबांनी मला जर्मन शिकविले. पाना, नट, वॉशर असे एकेक नाव घेत. आता नाताळचे जेवण मी त्यांच्याकडे करतो. गाडी विकली, तर शनिवारी त्यांच्या अंगणात मी कोणत्या निमित्ताने जाऊ?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवसांनी आम्ही स्वतः शिरस्त्राण घालून मागे बसलो. कोखेलच्या सरोवरापासून केसेलबेर्गचा घाट चढून वाल्खन सरोवरापर्यंत गेलो. ह्या घाटात इतके अपघात होत की शनिवारी, रविवारी व सुट्टीच्या दिवशी चढणीच्या बाजूने मोटारसायकलींस बंदी आहे. म्हणून सोमवार निवडला. जड गाडी वळणात कशी वळेल, ह्या धास्तीने आम्ही मनात जपमाळ धरली होती. पण वजन सारे खाली, जमिनीजवळ. वळण तिने सहज घेतले. ब्रेक दाबला असता इतर गाड्यांसारखे तिचे नाक खाली बुडत नाही, पुढच्या चाकाची बांधणीच तशी आहे. दोषही सांगतो. एकाच मंद वेगाने चालविली, तर ती मधूनमधून अडखळते, आणि उभी असता ढकलणे म्हणजे म्हैस ओढणे. वेगाने तिला कोणीही मागे टाकील. तरुण पोरे शेजारून सणसणत गेली. पुतण्याने मूठ पिळली नाही. ते आम्ही मुद्दाम पाहून ठेविले.

त्या रात्री बंधूंस फोन केला. पायांचे विचारले, तेव्हा सांगितले की गाडी आडवी पडली तर बहुधा सिलिंडरच आधी टेकतो आणि पाय सुटतो. मग आम्ही त्यांस त्यांच्या येझदीची आठवण दिली. ती अजून पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, आणि भंगारवाला तीनदा परत गेला आहे. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

"टॅपेटचे माप किती म्हणालात?"

आम्ही दोन्ही मापे सांगितली.

"येझदीला टॅपेट नसत," बंधू म्हणाले. "पण त्याला सांगा, मोजताना इंजिन पूर्ण गार असू दे."