दर्शनावाचून वारी

गेल्या दिवाळीच्या आधी माझा मावसभाऊ नोकरीच्या निमित्ताने टोकियोला जाऊन आला. आम्ही दोघेही लहानपणापासून व्हिडिओ गेमचे वेडे. साहजिकच तो परतल्यावर आम्ही सारी भावंडे त्याच्या बॅगेभोवती कोंडाळे करून बसलो. बॅगेतून मारिओ निघाला, पिकाचू निघाला, दोन टी-शर्ट आणि एक चहाचा मगही निघाला. फोटो तर शेकड्यांनी होते. सगळे पाहून झाल्यावर मी सहज विचारले, "अरे, पण खेळलास काय काय?" तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला आणि म्हणाला, "खेळायला वेळच कुठे होता?"

मला हसू आले आणि वाईटही वाटले. पंढरपूरला जावे, चुरमुरे, बुक्का नि तुळशीची माळ घेऊन यावे आणि विठोबाचे दर्शन मात्र राहून जावे, तशातली ही गत!

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. टोकियोला निघालेल्या गेमप्रेमीला लोक जी स्थळे सांगतात, ती बहुतेक दुकानेच असतात. शिबुया भागातील पार्को या इमारतीत सहाव्या मजल्यावर निन्तेन्दोचे दुकान 2019 मध्ये उघडले. शेजारीच पोकेमॉनचे आणि कॅपकॉमचे दुकान आहे. 1966 साली बांधलेल्या नाकानो ब्रॉडवेमध्ये जुन्या खेळण्यांची आणि कॉमिक्सची दुकानेच दुकाने आहेत. अकिहाबारातील ‘सुपर पोटॅटो’मध्ये जुन्या कार्ट्रिजेसनी फळ्या भरलेल्या आहेत. ही सारी ठिकाणे जरूर पाहावीत. पण माझे स्पष्ट मत असे आहे की, गेमप्रेमीने टोकियोत सर्वांत आधी जावे ते गेम सेंटरमध्ये, आणि तेही खिशात शंभर येनची नाणी खुळखुळवीत.

कारण उघड आहे. चित्र भिंतीवर टांगले तरी ते चित्रच असते. गेम मात्र कुणी खेळत असेल तेव्हाच गेम असतो. एरवी ते नुसते खोके. 1978 मध्ये ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. त्या काळच्या यंत्राला पडद्यावर इतके सारे शत्रू एकदम हलवणे जड जाई. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले शत्रू अधिकाधिक वेगाने अंगावर येत. निशिकादोंनी ही उणीव दुरुस्त केली नाही. तिलाच खेळाचा प्राण बनवले. वृत्ताच्या बंधनातून कवीला एखादी ओळ सापडावी, तसेच हे नाही का? पण ही गोष्ट मी कितीही रंगवून सांगितली तरी शेवटचा एकच शत्रू उरल्यावर तळहाताला जो घाम फुटतो, तो मला या कागदावर उतरवता येणार नाही.

कुणी म्हणेल, "हे गेम आता घरबसल्या फोनवरही मिळतात, मग त्यासाठी टोकियो कशाला?" मिळतात, हे खरे. पण 1991 मधला ‘स्ट्रीट फायटर 2’ जपानच्या गेम सेंटरमध्ये कसा खेळला जातो, ते पाहा. दोन यंत्रे पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात. पलीकडे कोण बसले आहे, हे दिसत नाही. विद्यार्थी असेल, कचेरीतून सुटलेला साहेब असेल. ओळख व्हायची ती खेळातूनच. हा अनुभव फोनमध्ये कसा मावणार?

अशी दोन ठिकाणे तरी मला नावानिशी सांगता येतील. वासेदा विद्यापीठाजवळच्या ताकादानोबाबा भागात ‘मिकादो’ आहे. तेथे जुनी यंत्रे नुसती मांडून ठेवलेली नाहीत; त्यांच्यावर स्पर्धा होतात. 2020 च्या साथीत ते अडचणीत आले, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला हात दिला. दुसरे ठिकाण अकिहाबारात, ताइतोचे. त्याचे नाव ‘हेय’! (आमच्या काही प्राध्यापकांच्या मते सारेच गेम हेय असल्याने हे नाव त्यांना पसंत पडावे.)

आणि घाई करायला हवी, एवढ्यासाठीच हा लेख लिहितो आहे. 1980 च्या दशकात जपानमध्ये वीस हजारांहून अधिक गेम सेंटर होती; 2019 पर्यंत ती सुमारे चार हजारांवर आली. अकिहाबारातील सेगाची एक मोठी इमारत 2020 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, इकेबुकुरोची 2021 च्या सप्टेंबरमध्ये. घराघरात आलेले गेम आणि नंतरची साथ ही कारणे आहेतच. पण एक कारण त्या नाण्यातच दडले आहे. एका खेळाला शंभर येन हा भाव चाळीस वर्षांत फारसा हललेला नाही, कारण यंत्राला तेच नाणे कळते. विक्रीकर मात्र 1989 मध्ये 3 टक्क्यांनी सुरू झाला आणि 2019 मध्ये 10 टक्क्यांवर गेला. तो कर बहुतांशी मालकाच्याच खिशातून जातो. शिवाय जुन्या यंत्रांतील काचेच्या मोठ्या पिक्चर ट्यूब आता कारखान्यांतून निघत नाहीत. एक गेली की तिच्या जागी दुसऱ्या मोडक्या यंत्रातली शोधायची.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये ‘पॅक-मॅन’सह चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा आम्हा वेड्यांना कोण आनंद झाला! गेमला कलेचा मान मिळाला. पण मान मिळाला म्हणजे खेळ जिवंत राहिला, असे नव्हे. तो जिवंत ठेवतात ती नाणे टाकणारी माणसे. बाहुल्या विकत घेणाऱ्यांचे पैसे दुकानांना जातात. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराला नव्हे.

मी स्वतः टोकियो पाहिलेले नाही. कधी पाहीन, कोण जाणे. मावसभाऊ मात्र येत्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. मी त्याला एका चिठ्ठीवर वरची दोन नावे लिहून दिली आहेत आणि बजावले आहे की, या खेपेला माझ्यासाठी काही आणू नकोस. तेवढ्या पैशांची नाणी घे, आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’ कुठे सापडलाच तर कितव्या फेरीपर्यंत तग धरलास, एवढे मला येऊन सांग.