तेल ओतू नका!

गोव्यात मराठीचं काय होणार यावर आपण तावातावाने भांडतो. 1987 च्या राजभाषा कायद्याचा विषय निघाला की समोरचा चहा थंड होतो. मंडळी, माझा प्रश्न साधा आहे. एखादं यंत्र का बिघडलं, हे आपण मराठीत नीट सांगतो का?

जुनं पिनबॉलचं मशीन घ्या. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक मशीनं येईपर्यंत त्यात चिप वगैरे भानगड नव्हती. गुण आणि चेंडू मोजायचं काम 'स्टेपिंग युनिट' करायचं. कॉइलला वीज मिळाली की दांडा ओढला जातो, दांडा आणि खिटी मिळून दातेरी चक्र एक दात सरकवतात आणि चक्राबरोबर फिरणारी धातूची बोटं चकतीवरच्या पुढच्या रिव्हेटला टेकतात. तिथला दिवा लागतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधला, 1891 साली पेटंट मिळालेला स्ट्राउजर स्विच याच कुळातला.

चक्र अडकलं की आपला उपाय ठरलेला: तेल ओता! अहो, जुनं ग्रीस वाळून चिकट झालं म्हणून तर ते अडकलं. वर तेल घातलं की धूळ बसून राड होते. आधी प्लग काढा. दांडा हाताने दाबा. चक्र सरकत नसेल तर दोष यांत्रिक. युनिट खोला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ग्रीस पुसून काढा, स्प्रिंगचा ताण बघा. हाताने सरकतं पण विजेने नाही? मग कॉइल, स्विच, तारा तपासा. सरकतं पण दिवा लागत नाही? बल्ब ठीक असेल तर रिव्हेट काळे पडलेत किंवा बोटांचा दाब कमी झालाय. शून्यावर परतत नाही? धरून ठेवणारी खिटी आणि परतीची स्प्रिंग बघा.

झालं की सांगून! कुठे अडली मराठी? कॉइल, स्प्रिंग, स्विच हे शब्द आता आपलेच आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'मराठीला राजाश्रय नाही.' हैदराबादकडे बघा. तिथे उस्मानिया विद्यापीठासाठी 1917 साली भाषांतर विभाग निघाला आणि विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आली. 1948 नंतर राज्य गेलं आणि विद्यापीठातलं उर्दू माध्यमही गेलं. त्याच शहरात, जामबागेत, निजामाच्या अमदानीत मराठी माणसांनी विवेकवर्धिनी उभारली. तिथे मराठीला कुठला राजाश्रय होता? ती संस्था आजही उभी आहे.

ठराव, सत्कार, संमेलनं हे सगळं वरून ओतलेलं तेल. युनिट खोलून पुसायला कोणी बसत नाही. आपल्या प्रत्येक दिवाळी अंकात कवितांच्या जोडीला दुरुस्तीवर एक लेख हवा, गावातल्या वायरमनच्या, फिटरच्या तोंडून उतरवून घेतलेला. त्याला कायदा लागत नाही. वही आणि पेन पुरे.