कोंबडीचा ताण आणि दुकानदाराचे नुकसान

धंदा माझा कापडाचा. पण गेल्या मे महिन्यात भाच्याच्या चिकनच्या दुकानात दोन दिवस बसण्याचा योग आला आणि तिथे जे पाहिले ते आपल्या व्यापारी बांधवांपुढे मांडावेसे वाटते. कोंबड्यांची गाडी भर उन्हात अकरा वाजता आली. क्रेट उतरवले तेव्हा चौदा कोंबड्या मेलेल्या निघाल्या. बाकीच्या चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या. वजन शेडवर झालेले, पैसेही त्याच वजनाचे. मेलेली कोंबडी आपल्यासाठी हरामच, ती फेकून द्यायची. तिचे नुकसान आणि वाटेतली घट दोन्ही भाच्याच्या माथी.

त्याच दुपारी एक विक्रेता पावडरचे पाकीट घेऊन आला. म्हणाला, "तुमच्या शेडवाल्याला ही द्यायला सांगा. कोंबडीचा ताण जाईल, मालही सुधारेल." भाच्याने विचारले, "मामू, घ्यावी का?" मी म्हटले, आधी चौकशी करू.

चौकशीअंती कळले की अशा पावडरीत तथ्य आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. फार धापा टाकल्या की रक्तातला क्षार आणि आम्लाचा तोल बिघडतो. खाण्याचा सोडा, पोटॅशियम असे क्षार पाण्यातून दिल्यास तो सावरायला मदत होते. 'क' जीवनसत्त्व कोंबडीच्या शरीरात तयार होते, पण कडक उन्हाळ्यात ते पुरे पडत नाही, म्हणून वरून देतात. 'ई' जीवनसत्त्व खाद्यातून काही आठवडे दिले तर मांसातली चरबी लवकर खवट होत नाही.

मालाशी याचा संबंध असा. दीर्घ प्रवासात आणि भीतीने थकलेल्या कोंबडीच्या स्नायूंतली साखर जबह होण्याआधीच जळून जाते. असे मांस काळपट, कोरडे राहते आणि लवकर बिघडते. उलट, ऐन वेळी ती उन्हाने व धडपडीने बेजार झाली तर मांस फिकट पडते व त्यातून पाणी सुटते. गिऱ्हाईक घरी जाऊन तक्रार करते ती दुकानदाराची. शेडवाल्याला कोणी विचारत नाही.

पण पावडर म्हणजे जादू नव्हे. मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना हे लगेच कळेल. ताण्याच्या सुताला सायझिंग कशासाठी करतात? मागावरचा ओढा सोसावा म्हणून. पण मागच बिघडलेला असेल तर उत्तम सायझिंगचे सूतही तुटतेच. तीच गत कोंबडीची. एका क्रेटमध्ये कोंबून भरले, पायांना धरून आपटले, दुपारच्या उन्हात गाडी उभी ठेवली, तर कोणतीही पावडर तिला वाचवणार नाही.

मग पावडरीचा खर्च करायचा कोणी? करारावरच्या शेडमध्ये पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे असते. शेतकऱ्याला संगोपनाचे पैसे मिळतात. खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, म्हणून पुढाकार कोणीच घेत नाही. कापणीपूर्वी 8 ते 12 तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र पकडेपर्यंत चालू ठेवावे, ही जाणकारांची रीत आहे. तरी काही ठिकाणी गाडी भरेपर्यंत खाद्य चालू असते. म्हणजे पोटातले खाद्य आपण कोंबडीच्या भावाने विकत घेतो! कापडात पाणी मारून वजन वाढवण्यासारखाच हा प्रकार.

म्हणून माझे म्हणणे आहे की एका गावच्या दुकानदारांनी एकत्र बसून पुरवठादाराशी चार गोष्टी ठरवाव्यात. खाद्य वेळेवर बंद करावे. उन्हाळ्यात गाडी रात्री निघून पहाटे पोहोचावी. क्रेटमध्ये ठरल्यापेक्षा जास्त कोंबड्या भरू नयेत. वाटेतल्या मरतुकीत पुरवठादाराचाही हिस्सा असावा. चौथी गोष्ट मान्य झाली की पहिल्या तीन आपोआप पाळल्या जातील, आणि पावडरही शेडवाला स्वतःहून शोधेल. मात्र पाकिटावर घटक छापलेले नसतील तर हात लावू नका. ताकदीच्या नावाखाली प्रतिजैविकेही खपवली जातात. कोलिस्टिन हे त्यातले एक. कोंबड्यांसाठी आणि खाद्यात त्याच्या वापरावर सरकारने 2019 मध्ये बंदी घातली आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या दुकानाचीही. सुरी धारदार असावी, जनावराला आराम द्यावा, एकासमोर दुसरे कापू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. तरीही पिंजऱ्यासमोरच कापणी चालते आणि पिंजऱ्यात पाण्याचे भांडे कोरडे असते. भाच्याने त्या दिवसापासून मध्ये एक पडदा लावला आणि पाण्याची सोय केली. खर्च फार आला नाही. दुसऱ्याकडे हिशेब मागण्यापूर्वी आपला हिशेब साफ असावा. तिजारतीत बरकत यातूनच येते.