जुनी नौका, नवा मालक

वडोदऱ्यात, नंदेसरीच्या कारखान्यांपासून काही मैलांवर असलेल्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. क्षमतेहून अधिक माणसे आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नसणे, हे दोष तेव्हा उघड झाले. मांडवी-झुवारीच्या गोव्याने ही घटना परक्या मुलखातील मानू नये.

मौजेच्या नौकांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे जुन्या मोटरबोटीकडे हौशी ग्राहक वळणे साहजिकच. मात्र चकचकीत रंगाखाली फायबरच्या थरांत पाणी मुरलेले असू शकते, खाऱ्या पाण्याने इंजिनाची शीतन-नलिका आतून खाल्लेली असते. हे दोष नौका धक्क्याला बांधलेली असताना दिसत नाहीत. ती पाण्याबाहेर काढावी लागते. तो खर्च विक्रेता टाळतो, आणि घाईतला ग्राहकही!

१९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने एका राज्यातील नोंदणी देशभर ग्राह्य ठरवली. सोय मोठी, पण परराज्यातील ढिली तपासणीही त्या कागदासोबत इथे येऊ शकते. शिवाय खासगी मौजेसाठी घेतलेली नौका हप्ते फेडण्यासाठी पर्यटकांना भाड्याने देण्याचा मोह होतो, तेव्हा धोका मालकापुरता उरत नाही. मालकी बदलताच बंदर कप्तान खात्याने नौकेचा तळ, इंजिन व प्रवासीक्षमता नव्याने तपासावी. जुना दाखला पाहून शिक्का मारणे पुरेसे नाही.